खानदेशातील घरांत वॉलपेपर : भिंतीची पूर्वतयारी आणि कागद चढवण्याची रीत

अमळनेरच्या आमच्या घरातील पुढच्या खोलीला मी पहिल्यांदा वॉलपेपर लावला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवडाभर आधी. माहेरवाशिणी येणार, घर चांगले दिसावे, या घाईत जुन्या डिस्टेंपरवरून नुसता ओला फडका फिरवला आणि थेट कागद चिकटवला. बाहेर ऊन रणरणत होते आणि खोलीत कूलर चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यांमधले जोड उघडलेले दिसले, आणि आठ दिवसांत खिडकीजवळची पट्टी वरच्या टोकापासून सुटून लोंबू लागली. ती उलटून पाहिली तेव्हा कारण कळले. खळ कागदाला घट्ट धरून होती आणि त्या खळीला डिस्टेंपरचा पातळ पापुद्रा चिकटून आलेला होता. कागद आपल्या जागी पक्का होता. त्याच्याखालचा रंगाचा थरच भिंतीला धरून नव्हता.

त्यानंतर त्याच भिंतीला मी पुन्हा कागद लावला तो जानेवारीत, आणि त्याआधी तीन आठवडे फक्त भिंतीवर काम केले. तो कागद आजही जागेवर आहे. म्हणून या लेखात कागदाइतकाच, किंबहुना जास्तच, विस्तार भिंतीचा आहे. वॉलपेपरच्या पुडक्यावर छापलेल्या सूचना थंड हवेच्या देशांतील घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्याकडची काळी माती, मे महिन्यातला उन्हाळा आणि क्षारयुक्त पाणी त्या सूचनांत नसते.

काम कोणत्या दिवसांत काढावे

खानदेशात घराला रंग देण्याचे दोन ठरलेले काळ आहेत : एक आखाजीच्या आधी आणि दुसरा श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशची लोकदेवी, बसते तिच्या आधी. चुन्यासाठी या दोन्ही वेळा चालून जातात, कारण चुन्याचा थर भिंतीला श्वास घेऊ देतो आणि थोडी ओल असली तरी ती त्यातून बाहेर पडते. वॉलपेपरला मात्र दोन्ही वेळा गैरसोयीच्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो; अशा हवेत खळ लावलेल्या पट्टीच्या कडा शिडीवर चढेपर्यंत वाळतात, मधला भाग ओला राहतो, आणि पट्टी सुकताना असमान आकसते. पावसाळ्यात उलट होते. भिंतीत शिरलेले पाणी कागदाआड अडकते आणि महिन्याभरात काळ्या बुरशीचे ठिपके वर येतात.

दिवाळी आटोपल्यानंतर, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात भिंतीने घेतलेले पाणी तोवर बाहेर पडलेले असते आणि खळ सावकाश, एकसारखी वाळते. शेतकऱ्याच्या घरात मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते. याच महिन्यांत वेचलेला कापूस घरात भरलेला असतो आणि भाव चढण्याची वाट पाहत तो पुष्कळदा फेब्रुवारीपर्यंत, कधी त्याहून पुढेही घरातच राहतो. कापसाची बारीक तंतुयुक्त धूळ हवेत तरंगत असताना खळ लावलेला कागद उघडा ठेवणे म्हणजे ती धूळ कागदाखाली कायमची बंद करणे होय. शेजारच्या खोलीत कापूस असेल तर तो मोजून गाडीत भरला जाईपर्यंत थांबावे, आणि नंतर खोली झाडून, भिंती व छत पुसून मगच कामाला लागावे.

कोणती भिंत निवडावी

चारही भिंतींना कागद लावण्याची गरज क्वचितच असते. एका भिंतीला लावला तरी खोलीचे रूप बदलते आणि खर्चही आवरतो. ही एक भिंत निवडताना शक्यतो दोन खोल्यांमधील आतली भिंत घ्यावी. पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत पावसाचा मारा खाते. शिवाय पश्चिमेची भिंत उन्हाळ्याच्या दुपारी इतकी तापते की रात्री उशिरापर्यंत हाताला गरम लागते. पलीकडे न्हाणी असलेली भिंत, स्वयंपाकघरात शेगडीमागची भिंत, आणि ज्या खिडकीत कूलर बसतो तिच्या समोरची, थेट झोत खाणारी भिंत टाळावी. कूलरच्या झोतात पाण्याची वाफ आणि बारीक तुषार असतात, आणि तीन-चार महिने रोज तोच मारा बसल्यावर कोणताही जोड टिकत नाही. ज्या भिंतीशी कानबाई बसवतात किंवा देवघर आहे तीही रंगाचीच ठेवावी, कारण रात्रभर तेवणाऱ्या दिव्यांची काजळी आणि तेलाचे हात कागदावरून निघत नाहीत.

गावातील जुन्या धाब्याच्या घरांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. मातीच्या विटांच्या आणि मातीनेच सारवलेल्या भिंतीवर वॉलपेपर लावू नये. माती ओल घेते आणि सोडते, तिच्यावर पुट्टी धरत नाही, आणि कागदाआडून वाळवी चढली तर ती दिसतही नाही. अशा घरात कागदाची हौस असेल तर भिंतीपासून थोडे अंतर ठेवून लाकडी चौकटीवर सिमेंट-फायबरचे पत्रे बसवावेत आणि त्यांवर कागद लावावा. मागच्या मोकळ्या जागेत हवा खेळली पाहिजे, म्हणून खाली आणि वर चार बोटांची फट ठेवावी.

तडे वाचण्याची सवय

तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभे असलेले घर दरवर्षी थोडे वर-खाली होत असते, आणि त्याच्या खुणा भिंतींवर तड्यांच्या रूपाने दिसतात. म्हणून तडा दिसला की पुट्टीने लिंपण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे.

केसाएवढे बारीक, जाळीसारखे पसरलेले तडे केवळ गिलाव्यातील असतात. गिलावा वाळताना ते पडलेले असतात आणि पुढे वाढत नाहीत. काँक्रीटचा खांब किंवा तुळई आणि विटकाम यांच्या सांध्यावर सरळ रेषेत जाणारा तडा दोन वेगवेगळ्या वस्तू उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात फुगत-आकसत असल्यामुळे पडतो. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका वर किंवा खाली निघालेला तडा मात्र पायाच्या हालचालीचा असू शकतो. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी, मध्यावर त्याची रुंदीही लिहून ठेवावी, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा त्याच्याकडे लक्ष ठेवावे. रेघेच्या पुढे गेलेला किंवा रुंद होत चाललेला तडा असेल तर त्या भिंतीला कागद लावू नये. तड्यात एक रुपयाचे नाणे उभे शिरत असेल तर आधी जाणत्या स्थापत्य अभियंत्याला दाखवावे. ते काम कागदाने झाकायचे नसते.

स्थिर तडा भरताना पत्र्याच्या, म्हणजे रंगाऱ्याच्या स्क्रॅपरच्या, टोकाने तो इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात साधारण अर्धा सेंटिमीटर खोल उघडावा, आतली धूळ ब्रशने काढावी, आणि लवचीक अॅक्रिलिक क्रॅक-फिलर दोन थरांत भरावा. घट्ट सिमेंट भरले तर पुढच्याच उन्हाळ्यात शेजारी नवा तडा जातो. खांबाच्या सांध्यावर फिलर वाळल्यानंतर दोन-तीन बोटे रुंद फायबरच्या जाळीची पट्टी चिकटवून तिच्यावरून पुट्टी ओढावी.

ओल आणि लोणा

भिंत कोरडी आहे की नाही हे हात लावून कळत नाही. त्यासाठी साधी परीक्षा आहे. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक पूर्ण दिवस व रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येत आहे. बाहेरच्या बाजूस दमटपणा असेल तर खोलीतील हवा दमट आहे. खिडक्या उघड्या ठेवून आणि पंखा लावून तो दोष निघतो. ही परीक्षा भिंतीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी घ्यावी, कारण पलीकडच्या नळाजवळ भिंत ओली आणि हातभर अंतरावर कोरडी, असे पुष्कळदा आढळते.

खालून दोन-तीन फुटांपर्यंत ओल चढलेली असेल तर जोत्याच्या पातळीवर ओलावारोधक थर घातलेला नाही किंवा तो फुटला आहे असे समजावे. बाहेरून भिंतीला टेकलेल्या कुंड्या, मातीचा भराव, तुंबलेली गटार, भिंतीलगत साचणारे धुण्याचे पाणी ही कारणे आधी दूर करावीत, आणि तरीही ओल राहिली तर ती भिंत सोडून द्यावी. पुट्टीखाली ओल दाबण्यासाठी बाजारात अनेक लेप मिळतात. कारण कायम असताना ते ओलीला फक्त थोडे वर चढवतात.

आपल्याकडे अनेक घरांची बांधणी विंधन विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यावर झालेली असते, आणि त्यामुळे भिंतीवर पांढरा, भुकटीसारखा लोणा फुटतो. भिंतीतील पाणी बाहेर येऊन उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर राहतात, असे त्याचे कारण आहे. लोणा पाण्याने धुऊ नये. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात आणि काही दिवसांनी परत वर येतात. ताठ केसांच्या कोरड्या ब्रशने तो झाडावा, खाली अंथरलेल्या कागदावर गोळा करून घराबाहेर टाकावा, आणि दर तीन-चार दिवसांनी हेच करावे. सलग दोन आठवडे नवा लोणा आला नाही म्हणजे भिंत कामाला योग्य झाली. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावरही घाई करू नये. पाणी मारण्याचे दिवस संपल्यानंतर किमान दोन-तीन महिने तरी तो उघडा राहू द्यावा, कारण ताज्या सिमेंटमधील अल्कली खळ कमकुवत करते आणि काही छपाईचे रंगही उडवते.

जुना थर कुठपर्यंत काढायचा

भिंतीवर काय आहे हे कळण्यासाठी गडद रंगाचा फडका ओला करून दाबून फिरवावा. फडक्याला पांढरी किंवा रंगीत भुकटी लागली तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. त्यानंतर रुंद चिकटपट्टी भिंतीवर घट्ट दाबून एका झटक्यात ओढावी. तिच्याबरोबर पापुद्रा आला तर तो थर काढावाच लागेल.

जुन्या घरांत नीळ घातलेल्या चुन्याचे दहा-पंधरा थर एकावर एक चढलेले असतात. ते सगळे काढल्याशिवाय कागदाचा विचार करू नये. एका वेळी चार-पाच चौरस फूट भाग कोमट पाण्याने भिजवून दहा मिनिटे मुरू द्यावा, पुन्हा एकदा पाणी मारावे, आणि मग रुंद पत्रा भिंतीशी थोडा तिरका धरून खालून वर ढकलावा. गिलाव्याचा राखाडी रंग दिसू लागला म्हणजे पुरे. हे काम कंटाळवाणे आहे, एका भिंतीला सहज दोन दिवस लागतात, आणि पुष्कळ कारागीर वरवरचे पोपडे काढून त्यावरच पुट्टी ओढतात. घरमालकाने इथे उभे राहून काम करून घ्यावे, कारण पुढची सर्व मेहनत या थराच्या भरवशावर असते.

ऑइलपेंट घट्ट असेल तर काढू नये, परंतु त्याची चकाकी मोडल्याशिवाय खळ धरत नाही. त्यासाठी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने तो घासावा. येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे : पृष्ठभाग ओला करून, पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने घासावा, नाकातोंडावर चांगला मास्क लावावा, आणि लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या दिवशी घराच्या त्या भागात येऊ देऊ नये.

पुट्टी, प्रायमर आणि पातळ खळीचा हात

गिलावा उघडा झाल्यावर ठोकून पाहावा. पोकळ, ढबढब आवाज आला तर तेवढा भाग फोडून नव्याने भरावा आणि वाळू द्यावा. नंतर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन पातळ हातांत ओढावी. ती ओढण्यापूर्वी भिंतीवर हलके पाणी मारणे आवश्यक आहे. नाहीतर कोरडा गिलावा पुट्टीतील पाणी शोषून घेतो आणि ती पिठासारखी सुटते. पहिला हात खालून वर, तो वाळल्यावर दुसरा हात आडवा ओढल्यास खळगे चांगले भरतात. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. खोल खड्डे पुट्टीने भरू नयेत, ते आधीच गिलाव्याने भरावेत. दुसरा हात पूर्ण वाळल्यावर १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे.

भिंत सपाट झाली की नाही हे दिवसा समोरून पाहून समजत नाही. अंधार पडल्यावर विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश भिंतीवरून सरकता सोडावा. प्रत्येक उंचवटा आणि ओरखडा आपली सावली टाकतो. त्या ठिकाणी पेन्सिलीने खूण करून दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करावी. चकचकीत किंवा पातळ कागदाखाली वाळूचा एक कणही फोडासारखा दिसतो.

पुट्टी पाच-सहा दिवस वाळल्यानंतर धूळ कोरड्या ब्रशने झाडून प्रायमरचा एक हात द्यावा. भिंत घट्ट असेल तर पाण्यात मिसळणारा प्रायमर पुरतो; सर्व काही करूनही हाताला भुकटी लागत असेल तर तेलाचा प्रायमर वापरावा, कारण तो आत मुरून सैल कण बांधतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची भिंत अतिशय वेगाने पाणी पिते, म्हणून तिलाही तेलाचाच प्रायमर योग्य.

प्रायमर वाळल्यानंतरची पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते, आणि कोरड्या हिवाळ्यात तिचेच महत्त्व सर्वांत जास्त आहे. नेहमीच्या खळीत तेवढेच पाणी घालून ती पातळ करावी आणि संपूर्ण भिंतीला एक हात मारून रात्रभर वाळू द्यावी. यामुळे भिंतीची तहान भागते. दुसऱ्या दिवशी कागद लावताना पट्टी भिंतीवर सरकवता येते आणि जोड जुळवायला वेळ मिळतो. हा हात न देता लावलेली पट्टी जिथे टेकली तिथेच अडकते, आणि ओढाताणीत ताणली किंवा फाटते.

कागदाची निवड आणि हिशेब

खानदेशातील घरासाठी माझी पसंती न-विणलेल्या तंतूंच्या पाठीचा, म्हणजे दुकानात ‘नॉन-वोव्हन’ म्हणून मिळणारा कागद, ही आहे. तो ओला होऊन फुगत नाही आणि सुकून आकसत नाही, त्यामुळे कोरड्या हवेत जोड उघडत नाहीत. खळ भिंतीला लावून कोरडी पट्टी थेट चढवता येते, आणि पुढे बदलायचा झाला तर कोरडाच सोलून निघतो. साध्या कागदी पाठीचा विनाइल वॉलपेपर स्वस्त असतो आणि पुसता येतो, परंतु तो खळीने भिजून फुगतो आणि हवा आत-बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तो पूर्ण कोरड्या, आतल्या भिंतीलाच वापरावा. मागे गोंद असलेला, सोलून चिकटवण्याचा कागद आपल्याकडे घेऊ नये असे माझे मत आहे. मे महिन्यात तापलेल्या भिंतीवर त्याचा गोंद मऊ पडतो आणि कडा सुटतात.

किती रोल लागतील हा हिशेब दुकानदार चौरस फुटांत करतो आणि तिथे चूक होते. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १० मीटर लांब असतो, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. १२ फूट रुंद आणि साडेदहा फूट उंच भिंत १२६ चौरस फूट होते. ५७ ने भागले की सव्वादोन येतात आणि दुकानदार तीन रोल देतो. आता पट्ट्यांनी मोजू. १२ फूट म्हणजे ३६६ सेंटिमीटर. त्याला ५३ ने भागल्यास सात पट्ट्या लागतात. उंची ३२० सेंटिमीटर, अधिक वर-खाली कापण्यासाठी पाच-पाच, म्हणजे ३३०. नक्षी दर ६४ सेंटिमीटरने पुन्हा येत असेल तर प्रत्येक पट्टी ६४ च्या पूर्ण पटीत, म्हणजे ३८४ सेंटिमीटर धरावी लागते. दहा मीटरच्या रोलमधून अशा दोनच पट्ट्या निघतात आणि सात पट्ट्यांना चार रोल लागतात. हीच भिंत दहा फूट उंच असती तर पट्टी ३२० सेंटिमीटरची झाली असती, एका रोलमधून तीन निघाल्या असत्या आणि तीन रोल पुरले असते. अर्ध्या फुटाने एक पूर्ण रोल वाढतो.

सर्व रोल एकाच बॅच क्रमांकाचे असल्याची खात्री दुकानातच करावी, कारण दोन बॅचमधील छटेचा फरक भिंतीवर चढल्यावरच दिसतो. जळगाव किंवा धुळ्याहून कागद मागवून तालुक्याच्या गावी काम करायचे असेल तर एक रोल जास्त घ्यावा. कमी पडल्यावर तीच बॅच पुन्हा मिळेल याची हमी नसते.

खळ तयार करणे

पूर्वी पुस्तकबांधणीसाठी कणकेची खळ शिजवून तिच्यात मोरचूद घालत असत. भिंतीसाठी ती वापरू नये. कणकेला कसर आणि झुरळे लागतात, आणि मोरचूद विषारी आहे. वॉलपेपरसाठी मिळणारी पावडर घ्यावी आणि पाकिटावर दिलेल्या प्रमाणात थंड, गाळलेले पिण्याचे पाणी वापरावे. बादलीतले पाणी एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने पावडर भुरभुरत सोडावी. सगळी एकदम ओतली तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. वीस मिनिटे ठेवून पुन्हा ढवळावे आणि जुन्या मलमलीतून गाळून घ्यावे. काही कारागीर खळीत सुताराचा पांढरा गोंद बराच मिसळतात. पकड वाढते हे खरे, परंतु पुढे कागद काढताना पुट्टी उपटून निघते आणि जोडातून बाहेर आलेला गोंद पुसल्यावरही चकाकत राहतो. विनाइलच्या कडांपुरता थोडा वापरावा, सर्वत्र नको.

कागद चढवण्याचा दिवस

सकाळी सर्वप्रथम त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य ठिकाणी बंद करावा आणि टेस्टरने तपासावे, कारण ओली खळ आणि उघडे स्विचबोर्ड एकत्र येणार असतात. बोर्डांच्या झाकणपट्ट्या सैल कराव्यात, खिळे काढून त्यांच्या जागी काडी खोचून ठेवावी, पंखा आणि कूलर बंद ठेवावेत.

आपल्या घरांचे कोपरे क्वचितच सरळ असतात, म्हणून पहिली पट्टी कोपऱ्याला धरून कधीही लावू नये. पट्टीच्या रुंदीपेक्षा एक सेंटिमीटर कमी, म्हणजे ५२ सेंटिमीटर अंतर कोपऱ्यापासून मोजून तिथे ओळंबा सोडावा आणि त्याच्या दोरीमागे पेन्सिलीने बारीक उभी रेघ आखावी. पेनची शाई कागदातून वर येते. ही रेघ पहिल्या पट्टीची हद्द. उरलेला एक सेंटिमीटर कोपऱ्यात कापला जातो आणि कोपऱ्याचा वाकडेपणा त्यातच खपतो. नक्षी मोठी असेल आणि भिंत एकच असेल तर मध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे दोन्ही टोकांना नक्षी सारखी कापली जाते. बारीक नक्षीला खिडकीकडून सुरुवात करावी, म्हणजे जोडांची सावली पडत नाही.

सर्व पट्ट्या आधीच कापून घ्याव्यात. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक आणि वरची बाजू दाखवणारा बाण लिहावा. नक्षी अर्ध्या पायरीने उतरणारी असेल तर एक, तीन, पाच या पट्ट्या एका रोलमधून आणि दोन, चार, सहा दुसऱ्या रोलमधून कापल्यास कागद वाया कमी जातो.

कागदी पाठीच्या वॉलपेपरला टेबलावर पालथा घालून मधून कडांकडे खळ लावावी. कडा कोरड्या राहता कामा नयेत. मग दोन्ही टोके मध्याकडे, खळीला खळ लागेल अशी, घडी न मोडता दुमडावीत आणि पट्टी सहा-सात मिनिटे मुरू द्यावी. कागद या वेळात रुंदीला थोडा फुगतो, म्हणून प्रत्येक पट्टीला घड्याळ लावून सारखाच वेळ द्यावा. एकीला चार मिनिटे आणि दुसरीला दहा दिली तर नक्षी जुळत नाही. हवा फार कोरडी असेल तर दुमडलेली पट्टी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. नॉन-वोव्हन कागदाला ही खटपट नाही; भिंतीवर पट्टीच्या रुंदीपेक्षा चार बोटे जास्त अशी रोलरने खळ लावून लगेच पट्टी चढवावी.

शिडीवर एकाने वरची घडी उघडून छताजवळ पाच सेंटिमीटर जास्त ठेवून कड रेघेला भिडवावी आणि दुसऱ्याने खालचे टोक धरून ठेवावे. हे काम एकट्याचे नाही. आधी वरचा तीन फूट भाग जुळवून मऊ ब्रशने मधून कडांकडे हवा बाहेर काढावी, मग खाली उतरावे. पट्टी तिरकी गेली असे दिसले तर ओढू नये, अर्धी सोडवून पुन्हा लावावी. वर-खाली जास्तीचा कागद रुंद पत्र्याने कोनात दाबून त्याच्या कडेने कटर फिरवून कापावा, आणि दर पट्टीला कटरचे पाते मोडून नवे घ्यावे. बोथट पाते ओला कागद कापत नाही, ओरबाडते.

दुसरी पट्टी पहिलीच्या शेजारी कडेला कड भिडवून लावावी, एकावर एक चढवू नये. नक्षी डोळ्यांच्या उंचीवर जुळवावी. छताजवळ किंवा जमिनीजवळ केसभर फरक राहिला तरी तो लक्षात येत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी जोडावरून छोटा रोलर हलक्या हाताने फिरवावा. उठावाच्या कागदावर रोलर फिरवला तर उठाव चेपला जातो, तिथे ओल्या स्पंजनेच दाबावे. जोडातून बाहेर आलेली खळ लगेच स्वच्छ पाण्याच्या स्पंजने पुसावी आणि बादलीतले पाणी दर दोन पट्ट्यांनी बदलावे.

स्विचबोर्डावरून पट्टी सरळ खाली सोडावी, बोर्डाच्या मध्यावरून चार कोपऱ्यांकडे फुलीसारखा छेद द्यावा, आणि बोर्डाच्या आत तीन-चार मिलिमीटर जाईल एवढा ठेवून बाकीचा कापावा. बोर्डाची झाकणपट्टी स्क्रूने आवळल्यावर कापलेली कड झाकली जाते. सर्व भिंतींना कागद लावत असल्यास आतल्या कोपऱ्यावरून पूर्ण पट्टी वळवू नये. कोपऱ्यापर्यंतचे अंतर वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वांत मोठ्या मापापेक्षा एक सेंटिमीटर जास्त कापावे, तेवढेच पलीकडे वळवावे, आणि उरलेला तुकडा पुढच्या भिंतीवर नवा ओळंबा सोडून लावावा. कोनाडा किंवा देवळी असेल तर आतून रंग देणे मला अधिक सुबक वाटते. कागद तिच्या कडेशी कापून थांबवावा.

त्यानंतरचे दोन दिवस

खोली दोन दिवस बंद, पंख्याविना ठेवावी. वाळताना दिसणारे छोटे फोड दुसऱ्या सकाळपर्यंत आपोआप बसतात, म्हणून पहिल्या संध्याकाळी त्यांना हात लावू नये. जे राहतील त्यांत औषधाच्या दुकानातील सिरिंजने पातळ खळ सोडून ओल्या स्पंजने दाबावे. कुठे जोड उघडला तर बारीक ब्रशने कडेखाली खळ सारून दहा मिनिटांनी रोलर फिरवावा. पहिल्या उन्हाळ्यात, कूलर लागल्यानंतर पंधरा दिवसांनी, सर्व जोड एकदा नजरेखालून घालावेत, कारण उघडायचे असतील ते तेव्हाच उघडतात. वैशाखातल्या वावटळींची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली झाडावी; ओला फडका फक्त विनाइलला चालतो.

उरलेला कागद गुंडाळून, बॅच क्रमांकाच्या चिठ्ठीसह, कोठीच्या वरच्या फळीवर आडवा ठेवावा. किती रोल आणि किती पट्ट्या लागल्या, हे कागद चढवण्याआधीच पेन्सिलीने भिंतीवर स्विचबोर्डाच्या झाकणपट्टीआड लिहून ठेवावे. पुढे कागद बदलायचा होईल तेव्हा बोर्ड उघडताच हिशेब हाती असतो.